वाचून दाखवणार कोण

"ह्या घरात तिला मोठ्यानं वाचून दाखवणार कोण?" हेल्मी म्हणाली. आपल्या मुलाला, आर्वोला, ओठ वाचता यावेत म्हणून ती एकेक शब्द सुटा करून बोलत होती. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. त्याची बायको डेलाही तशीच. त्यांच्या पाच वर्षांच्या मुलीला, पियाला, मात्र सगळं ऐकू यायचं. "शाळेतल्या बाई म्हणाल्या ना, घरी रोज वाचन हवं. पोर माझ्याकडे राहू दे. शनिवार-रविवार न्या."

आर्वोने डेलाकडे पाहिलं. तिचे हात मांडीवर निपचित पडले होते. पोरीचं नुकसान नको म्हणून त्याने मान डोलावली आणि पियाची पुस्तकं स्वतःच पिशवीत भरली.

अमेरिकेतल्या डुलुथ शहरात, टेकडीवरच्या आपल्या घरी हेल्मी जीव लावून वाचायची. पण पिया मांडीवर टिकेना. खाली उतरून समोर बसायची आणि आजीच्या हातांकडे बघत राहायची. अक्षर विचारलं की बोलायची नाही, नुसती बोटं चाळवायची.

"चुळबुळ पुरे. पुस्तकात बघ गं बाई," हेल्मी करवादायची.

शुक्रवारी आर्वो कारखान्यातून परस्पर न्यायला आला. हेल्मीने दारातच सांगितलं, "हिला एक अक्षर येत नाही. तुम्ही दोघांनी इतकी वर्षं केलंत काय?"

बुटांवरचा बर्फ न झटकताच तो पियासमोर जमिनीवर बसला. पुस्तक उघडून त्याने एका शब्दावर बोट ठेवलं. पियाची बोटं एकेका अक्षरासाठी मिटली, उघडली, वाकली. मग तिच्या तळहाताचा मासा झाला आणि पोहत पुढे गेला. आर्वोने पुढचा शब्द दाखवला. पान संपलं.

"काय चाललंय?" हेल्मीने विचारलं.

"वाचतेय," पिया म्हणाली. "आजी, तुला नाही येत वाचायला?"

आर्वो लहान असताना डॉक्टरांनी हेल्मीला बजावलं होतं, हातवारे करू नका, नाहीतर मुलगा बोलायचा नाही. तिने ते निष्ठेने पाळलं होतं. त्याचे केस पिकू लागले तरी पाळलं होतं.

मग ती जड गुडघ्यांनी खाली बसली.

"मला शिकव," ती मुलाला म्हणाली.

आर्वोने आईचा हात हातात घेतला. तिची आखडलेली बोटं एकेक करून मिटवली आणि अंगठा कडेला टेकवला.

"हे कुठलं अक्षर गं?" हेल्मीने नातीला विचारलं.

"बाबांच्या नावातलं पहिलं."