एवढं सुधार

“हे फूल झोपेत ठोकलंस का गं?”

नागाबाईनं बैलाचा गळपट्टा उन्हाकडं धरला आणि बोट ठेवून दाखवलं. चामड्यात कोरलेला वेल, वेलाला ठशानं उठवलेली फुलं. सुरुवातीची सगळी नेटकी होती. बक्कलापाशी आली आणि एकमेकांच्या अंगावर पडली.

गाळ्यातली बाई मान खाली घालून म्हणाली, “तिथं जागा कमी पडली.”

“जागा न्हाई कमी पडली, तुला घाई झाली. आधी सुतानं मापून खुणा केल्या असत्यास तर पुरली असती.”

नागाबाई सकाळच्या यष्टीनं निलंग्याहून लातूरला आली होती. उद्या घरी शिवकन्येचं, तिच्या धाकट्या लेकीचं, वर्षश्राद्ध होतं. फोटोची काच तडकली होती ती बदलून घेतली, गंजगोलाईच्या बाजारात गुलछडीचा हार घेतला. दोन्ही पिशवीत होतं. परतीच्या यष्टीला वेळ होता.

काच बसवणारा फोटो बघून हळहळला होता. “एवढी कवळी पोर, आजी?” नागाबाईला काही वाटलं नाही. नदीवर पिंड ठेवलं तेव्हाही तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. भावकीतल्या बाया म्हणाल्या, म्हातारी दगडाची हाय. असेल. दगडाला बरं असतं.

“पाणी देऊ?” बाईनं विचारलं.

नागाबाईनं तांब्या उचलला आणि घटाघटा प्याली. चांभाराच्या गाळ्यात पाणी पिताना रामकिशननं, तिच्या थोरल्यानं, पाहिलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं.

“किती दिस झाले ह्या कामाला?”

“वर्ष होईल. सासू शिकवती.”

“मारती का?”

“न्हाई. चांगली हाय.”

नागाबाईनं तांब्या खाली ठेवला. मग पट्टा पुन्हा हातात घेतला.

चामडं कसं कमवतात ते तिला ठाऊक नव्हतं. पण सगळी हयात बैलांत गेली होती. “ही आतली कड बघ. धार हाय हिला. माझ्या बैलाची मान सोलून निघंल. घासून गोल कर. आन् भोकाला चिकटून फूल नको. बैलानं हिसका दिला की तिथनंच फाटतंय.”

“हाव.”

“वेल मातुर चांगला काढलायस. कुठं हात थांबला न्हाई.”

बाईनं पहिल्यांदा वर पाहिलं. “यापारी दुपारी येणार हाय. काल बघून परत दिला ह्यो पट्टा. आज पसंत पडला तर पोळ्याचं काम देतो म्हणला. न्हाई तर ज्ञानोबाला हैदराबादला कारखान्यात लावून देतो म्हणतोय त्याचा मामा. मालकच तिकडं गेल्यावर मी इथं काय करू? माहेराची वाट तर बंदच. मलाबी जावं लागंल.”

“हैदराबाद,” नागाबाई म्हणाली. मग पट्टा तिच्याकडं टाकला. “बघून काय राहिलीस? दुसरा घे.”

बाईनं नवा पट्टा घेतला. वेल आधीच कोरलेला होता, फुलं तेवढी उठवायची होती. तिनं ओलं फडकं फिरवलं, लगेच ठसा उचलला.

“थांब. पाणी मुरू दे. त्या आधीच्या पट्ट्यावरच्या फुलाच्या कडा बघ कशा फुगल्यात. चिखलात पाय दिल्यावानी.”

बाई थांबली. मग चामडं गालाला लावून गारवा पाहिला. सुतानं खुणा केल्या. लाकडी हातोडा उचलला आणि एकेक फूल बसवत गेली. नागाबाई दर ठोक्याला हुंकार भरत होती, जात्यावर बसल्यासारखी.

मधेच बाई शिंकली. पुन्हा शिंकली.

“भुकटी जाती नाकात. तोंडाला फडकं बांधत जा,” म्हणत नागाबाईनं आपली पिशवी उचलून बाहेर पायरीवर ठेवली.

व्यापारी आला तेव्हा पट्ट्याची कड घासून झाली होती. त्यानं पट्टा ताणून पाहिला, आतून बोट फिरवलं. “हा कालचाच हात आहे का?”

“काल काय होतं मला ठाऊक न्हाई,” नागाबाई मधेच बोलली. “मी निलंग्याहून खास आले. आमच्या बैलाला दुसऱ्याचा पट्टा चालत न्हाई.”

व्यापारी हसला. “आजी, तुम्ही तर माझ्याआधी माल पळवाल.” जाताना बाईला म्हणाला, “असेच पाहिजेत. सोमवारी माणूस पाठवतो, कामाला लागा.”

तो गेला. बाईनं ठसे पुसून डब्यात ठेवले.

नागाबाईचा फोन वाजला. रामकिशन होता, आवाज गाळाभर ऐकू येत होता.

“कुठं हायस?”

“यष्टीची वाट बघून राहिले.”

“फोटोला काच बसवली?”

“हाव.”

“हार?”

“घेतला रे बाबा.”

“उद्या पाव्हणे येणार हायेत. नुस्तं गप बसू नको, चार माणसांत जरा रड. लोक नावं ठेवतात.”

“बघू,” म्हणून तिनं फोन कमरेला खोचला, उठली आणि पायरीवरची पिशवी हातात घेतली.

“फोटो दाखव,” बाई म्हणाली.

“काय करतीस बघून?”

“दाखव तरी.”

नागाबाईनं पेपरात गुंडाळलेली फ्रेम काढून दिली. बाईनं पेपर सोडला. काचेवर काचवाल्याचा अंगठा उमटला होता, तो पदरानं पुसला. फ्रेम लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली. मग हाराच्या पुडीकडं बघताना तिला शिंक आली.

“फोटो चांगला निवडलास, आई,” ती म्हणाली. “पण गुलछडीचा हार नको घालू मला. एवढं सुधार.”