डाळीला तीन शिट्ट्या

किसनने स्टूल गॅसपासून चार हातांवर ठेवलं, दोन्ही पाय फरशीला टेकवले आणि वही मांडीवर घेतली.

"लाव," तो म्हणाला.

गयाबाईने कुकरची शिट्टी दोनदा धुतली, एकदा पदराने पुसली. धुण्यासारखं तिच्यात काही उरलं नव्हतं. कुकर कित्येक महिने माळ्यावर होता.

अकरा महिन्यांपूर्वी अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत रिअ‍ॅक्टर फुटला, तेव्हा किसन शेजारच्या शेडमध्ये ड्रम लावत होता. फुटण्याआधी वाफेची लांब शिट्टी झाली होती. पाठीवरचं भाजलेलं तीन महिन्यांत बरं झालं, पण कुकर वाजला की तो भरल्या ताटावरून उठून रस्त्यावर पळायचा. म्हणून गयाबाईने कुकर माळ्यावर टाकला आणि डाळ पातेल्यात शिजवायला लागली. शेजारच्या मायाने ते पाहिलं, तिनेही तेच केलं. बघता बघता बेलवलीतल्या त्या अख्ख्या चाळीत शिट्टी वाजेनाशी झाली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ताक घुसळणंच सोडलं होतं. माणसं जीव लावणारी, त्यांना कोण काय बोलणार?

बोलल्या त्या अंबरनाथ पश्चिमेच्या मैत्रेयी मॅडम. त्या अशा घाबरलेल्या माणसांवर उपचार करतात. त्यांनी किसनला आधी मोबाइलवर बारीक आवाजात शिट्टी ऐकवली, मग मोठ्याने. दर वेळी भीती दहापैकी किती ते लिहायला लावलं. "भीती चढते, आणि तुम्ही बसून राहिलात तर आपली आपण उतरते," त्या म्हणाल्या. "मधेच उठलात तर मनाला वाटतं, पळालो म्हणून वाचलो." आज घरचा कुकर होता. एक तारखेला किसनला पुन्हा ड्यूटीवर जायचं होतं. स्वयंपाकघरात टिकला नाही तर कंपनीच्या गेटात काय टिकणार, हे त्याचं त्यालाच कळत होतं.

कुकर फुसफुसायला लागला. किसनच्या कपाळावर घाम आला. पहिली शिट्टी झाली तसा त्याने स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. डोळे मिटले, श्वास मोजत बसून राहिला. उठला नाही.

खट्कन आवाज आला. गयाबाईने गॅस बंद केला होता.

"झाली डाळ," ती म्हणाली.

"तुरीची डाळ एका शिट्टीत?"

"आज पुरे. तुमचं तोंड बघवत नव्हतं मला."

"अगं, आठवरून सहावर आलो होतो मी. उतरत होतं." किसनला राग आला नाही. त्याला हसूच आलं, कितीतरी दिवसांनी. तो उठला आणि लायटर घेऊन गॅस त्याने स्वतः पेटवला.

दाराशी मायाचं डोकं दिसलं. "वैनी, शिट्टी तुमच्याकडे झाली? भावजी आहेत ना घरात?"

"घरातच आहे. मीच लावलाय," किसन म्हणाला. माया त्याच्याकडे बघतच राहिली आणि मग हळूच गेली.

दुसरी शिट्टी झाली. किसन जागचा हलला नाही. छाती धडधडत होती, पण ती धडधड आता ओळखीची वाटत होती. पाच, त्याने लिहिलं. मॅडमना दाखवायला आकडा चांगला होता. गयाबाईलाही दाखवावा म्हणून त्याने मान वर केली.

ती ओट्याला पाठ लावून खाली बसली होती. दोन्ही कान तळव्यांनी दाबलेले.

"गया? काय गं?"

कुकर फुसफुसत होता.

"त्या दिवशी मी डाळच लावली होती," ती म्हणाली. "दुसरी शिट्टी झाली आन् फोन आला. कंपनीत स्फोट झालाय, तुम्ही कुठे आहात कुणालाच माहीत नाही. तशीच निघाली मी. तीन दवाखाने फिरली. चादरी वर करून तोंडं बघत होती लोकांची."

किसनला हे ठाऊक नव्हतं. अकरा महिन्यांत त्याने विचारलंही नव्हतं. घरात एकच माणूस आजारी आहे असं सगळ्यांनी धरलं होतं, आणि तो आजारी माणूस आपण, हे त्यालाही सोयीचं झालं होतं. त्याला लाज वाटली.

"मग कुकर माळ्यावर माझ्यासाठी टाकलास की तुझ्यासाठी?"

"चाळीत सगळ्यांना तुमचंच नाव सांगितलं," गयाबाई म्हणाली.

तो तिच्याशेजारी फरशीवर बसला. तिचे हात त्याने कानांवरून काढले नाहीत. नुसता खांद्याला खांदा लावून बसला.

तिसरी शिट्टी झाली, चांगली लांब. गयाबाईने डोळे घट्ट मिटले. तिचा खांदा थरथरला आणि थोड्या वेळाने निवला. तिने कानांवरचा एक हात खाली घेतला, मग दुसरा.

डाळीला तीन शिट्ट्या पुरतात. किसनने उठून गॅसच्या बटणाकडे हात नेला. "बंद करू?"

"राहू द्या," गयाबाई म्हणाली. "अजून एक होऊ दे."