बुचावरचं शेत

खेळातल्या बोटभर सैनिकांना उभं करायला पायाखालच्या चकत्या विकत आणेल तो सुजित कसला. बाटलीचं बूच, त्यावर फेविकॉल, वर माती. मातीही फुकटची, आण्णांच्या शेतातली. वडिलांना गोड बोलून ते शेत त्यानेच बिल्डरला विकायला लावलं होतं. तेव्हापासून आण्णा कात्रपच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर गप्प बसून असत.

सकाळी वाळलेल्या मातीत मुंगीएवढी अनवाणी पावलं उमटलेली दिसली.

“प्राची, तू हात लावलास?”

“तुझ्या खेळण्यांना? मला स्वयंपाक पडलाय,” बायको म्हणाली.

सैनिकांच्या पायांत तर बूट होते. सुजितने घाईघाईने त्या पावलांवर नवी माती टाकली आणि अंगठ्याने दाबली.

मागे सोफ्यावर आण्णा कळवळले.

“हलू दाब रं बाला. मी अजून शेतानच हाय.”