तिसरी बाटली

"मॅडम, जुळलं असं लिहून टाका ना. फाइल क्लोज होईल," इन्स्पेक्टर समरजीत म्हणाले.

"रबर जे दाखवेल तेच लिहीन," मंजिरीने बाटलीवर चिठ्ठी चिकटवली.

समरजीत तोंड वाकडं करून निघून गेले. या बाई लोणच्यातसुद्धा मीठ तोलून घालत असतील, अशी तिची प्रयोगशाळेत चेष्टा व्हायची. बावीस वर्षांत तिचा एकही अहवाल कोर्टात खोटा ठरला नव्हता.

हजीरा चौकात एका म्हाताऱ्या भाजीवालीला उडवून कुणीतरी पळालं होतं. ती जागीच गेली. मागे राहिला फक्त ब्रेकचा काळा पट्टा. संशयावरून टेम्पोवाला दौलतसिंह दोन महिने तुरुंगात होता. त्याचं सुटणं आता या खरवडलेल्या रबरावर अडलं होतं.

त्याची बायको विजयाबाई बाहेर बाकावर बसलेली असे. "ताई, त्या दिवशी टेम्पो बिघडून दाना ओली मोहल्ल्यातच उभा होता. कोणी सुनतच नाही हो."

"मी ऐकते ना. उद्या या," मंजिरी म्हणाली.

तिच्या प्रत्येक तपासात तीन बाटल्या असत. पहिलीत रस्त्यावरचं रबर, दुसरीत आरोपीच्या टायरचं, तिसरीत घरच्या गाडीच्या टायरचं. तिसरीचा आलेख वेगळा आला की यंत्र ठीक चाललंय, असा तिच्या जुन्या साहेबांनी लावलेला शिरस्ता.

त्या सकाळी घरी ती चाकू घेऊन टायरपाशी बसली तेव्हा मुलगा उत्कर्ष वैतागला होता. "मम्मी, कल ही तो टायरला पॉलिश केलं यार! दर वेळी माझीच गाडी?"

"तुझी? घेतली कोणी?"

"बरं, तुझी. पुढच्या महिन्यात मी जर्मनीला गेलो की खुशाल खुरच. आज कुठली केस?"

"हजीऱ्याची."

चहा अर्धवट टाकून तो उठला. त्याला उशीर होत होता. गाडीचा पुढचा दिवा नवा होता. मध्यंतरी गाय आडवी आली तेव्हा जुना फुटला होता. एकुलत्या एका लेकाला काही झालं नाही, म्हणून तिने तेव्हा देवापुढे साखर ठेवली होती.

दुपारी यंत्रातून आलेख निघाले. पट्ट्याच्या रबरात स्टायरीन हे रसायन भरपूर होतं आणि टायरच्या पॉलिशचं तेलही. टेम्पोच्या रबरात पॉलिशचा मागमूस नव्हता, स्टायरीनही जेमतेम.

दौलतसिंह सुटला! मंजिरीला इतका आनंद झाला की विजयाबाईंना आत्ताच फोन करावा, असं तिला वाटलं.

तेवढ्यात तिसरा आलेख आला. तिने तो पहिल्यावर ठेवला. पॉलिशच्या तेलासकट तंतोतंत बसला.

यंत्र बिघडलं असावं म्हणून तिने तपासणी पुन्हा केली. चारदा केली. मग तिसरी बाटली बेसिनमध्ये स्वच्छ धुतली आणि अहवाल लिहायला बसली.

दुसऱ्या दिवशी विजयाबाई डब्यातून बेसनाचे लाडू घेऊन आल्या. "ताई, तुमच्यावरच भरोसा आहे. काय निघालं?"

मंजिरीने डब्याचं झाकण हळूच लावलं.

"टायर तुमच्याच टेम्पोचा निघाला."