नवी मूठ

महाडच्या हारूनशेठला जुन्या रिव्हॉल्व्हरांचा भारी शौक. पोलादपूरच्या वरच्या एका वाडीत चिमाबाईकडे तिच्या सासऱ्याच्या वेळचं विलायती डबल अ‍ॅक्शन निघालं, चाप ओढला की घोडा आपोआप उठणारं. पण म्हातारी देईना.

"चिमाबाय, घरात सापडलं तर पोलीस तुला उचलून नेतील," अशी भीती घालून शेवटी त्याने ते आणलंच.

गंज काढून लोखंड आरशासारखं लखलखीत केलं. लाकडी मूठ मात्र उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसत होती. ती त्याने पेटत्या बंबात टाकली आणि शिसवीची नवी बसवली.

शिमग्याच्या बाजाराला आलेली चिमाबाई एक दिवस त्याच्या दारात उभी राहिली. हारूनशेठ चांगलाच ओशाळला.

"परत नको, शेठ. नुसता एकदा हात लावू दे."

त्याने कपाट उघडून ते तिच्या हातात दिलं. मुठीवरून ती बराच वेळ अंगठा फिरवत राहिली. मग तिने ते त्याच्यापुढे धरलं.


"ह्ये आमचं नाय, शेठ. आमचं आण. दात येत व्हते तवा माझं गेलेलं लेकरू त्याचीच मूठ चावायचं, त्याचे दात हायत तिच्यावर."