दोन बोटं कापड

"चारही गाऊन काखेत दाटायला लागलेत गं," थोरली जाऊ म्हणाली आणि धाकटीच्या पोटात दुखायला लागलं.

गाऊन तिनेच शिवले होते, थोरली या वृद्धाश्रमात राहायला आली तेव्हा. माप घेताना बरगड्या टेपला लागत होत्या. मूल ना बाळ, नवरा गेलेला, इथे सुकून जाईल बिचारी, म्हणून धाकटीने सुईत दोरा ओवता ओवता डोळेही पुसले होते. आणि ही बया तर दहा महिन्यांत चांगली भरली होती. गालांवर, दंडांवर.

"खाता काय एवढं?"

"देतात तेच. पण बसून खाते. मागे कुणाचं आटपायचं नसतं ना."

खोलीत दोन खाटा, दोन कपाटं, एक खिडकी. कपाटाला किल्ली होती आणि ती थोरलीच्या गळ्यात होती. धाकटीचे कपडे मुलाच्या घरी टीव्हीखालच्या खणात असत. तिची झोपायची जागा हॉलमधल्या दिवाणावर. तिच्या पायथ्याशी नातवाची सायकल, आणि उशाशी बसून सगळे बूट घालत. दुपारी पडावंसं वाटलं की ती डोक्यावरून पांघरूण घेई. तेच तिचं दार.

दुसऱ्या खाटेवर गादी गुंडाळून ठेवलेली होती. तिथल्या बाईला तिची लेक मागच्या आठवड्यात घेऊन गेली होती.

इतक्यात इथलं सगळं बघणाऱ्या बाई उघड्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "खाट बघायला आलात का? संध्याकाळी एक जण यायच्यात. पण घरचं माणूस असेल तर आधी तुम्ही."

"मला दोन मुलगे आहेत," धाकटी म्हणाली. तपासनिसाला तिकीट दाखवावं तशी.

"असू देत की. इथल्या बावीस जणींना मिळून पस्तीस आहेत."

बाई गेल्या. थोरलीने चष्मा पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाली, "तू उसवायला घे. मी पत्त्यांना जाऊन येते. त्यांना चौथा भिडू मिळत नाही."

धाकटीने ब्लेड काढलं. शिवण उसवली. आत दोन बोटं कापड जास्तीचं दाबलेलं होतंच, गिऱ्हाईक कुठलंही असो, ती तेवढं ठेवायचीच. आता ते सोडायचं आणि कडेने नवी शिवण घालायची. पाव तासाचं काम.

पलीकडच्या खोलीतून हसू ऐकू आलं. अगदी पोटातून आलेलं, खोकला लागेपर्यंतचं. कोण ही, म्हणून धाकटीने कान दिला, तर ती थोरली होती. दोघींनी अडतीस वर्षं एका स्वयंपाकघरात काढली होती. एवढ्या वर्षांत हे हसू एकदाही तिच्या कानावर आलं नव्हतं.

तिने सुई उचलली आणि जुन्याच भोकांतून टाके घालत गेली. एकेक भोक शोधून. एक गाऊन झाला, मग दुसरा. चौथ्याला तर तिला शोधावंही लागलं नाही, हात आपसूक जात होता.

थोरली आली ती तोंडभर हसतच. दार लोटून गाऊन अंगात घालायला गेली आणि काखेत अडकली. तिने तो काढला, उलटा केला, उजेडात धरला. बराच वेळ धरला.

"जुन्याच भोकांतून घातलेस टाके."

"नजर गेली आता माझी."

"मी सुटलेली तर आल्या आल्या दिसली तुला."

धाकटीने दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. अडतीस वर्षांत थोरलीने तिला पुष्कळ ऐकवलं होतं. आताही ऐकून घ्यायची तिची तयारी होती.

थोरली रिकाम्या खाटेच्या कडेवर टेकली. "तुझा पहिला झाला ना, तेव्हा त्याचे तीन लोकरी स्वेटर मी उकळत्या पाण्यात घातले होते. आटवले. मुद्दाम."

"मला माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून तुमचा पाळणा हलणार होता का?"

थोरलीने मान खाली घातली. मग तिच्या खांद्यांना झटके बसायला लागले. रडते की काय म्हणून धाकटी उठली, तर ती हसत होती. "बाहुलीला होतील एवढेच उरले होते गं ते."

"त्यातला एक ठेवलाय मी अजून," धाकटी म्हणाली. "मोबाईल ठेवते त्यात."

दारावर टकटक झाली. दार नुसतंच लोटलेलं होतं, पण ते कुणी ढकललं नाही. धाकटी वाट बघत राहिली. आता उघडेल, मग उघडेल. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं, बाहेरचं माणूस थांबलंय. आतून कुणीतरी 'या' म्हणेपर्यंत ते थांबणार होतं.

"मोठ्या काकू," बाहेरून बाईंचा आवाज आला, "खाट बघायला आल्यात. येऊ का आम्ही?"

 थोरली फक्त धाकटीकडे बघत राहिली.

धाकटीने गुंडाळलेली गादी सोडली. खाटेवर नीट अंथरली. तिच्यावर चारही गाऊन हातपाय पसरल्यासारखे मांडले, एक कोपराही उरू दिला नाही, आणि स्वतः मधोमध मांडी घालून बसली. ब्लेड हातात घेतलं.

"नंतर या," ती दाराकडे बघून म्हणाली. "आत्ता इथे माझं काम चाललंय."