फाटकातलं भांडण

इस्लामपुरात चौगुले अण्णांच्या घरी वरच्या मजल्यावर शबाना मुल्ला ही शिक्षिका भाड्याने राहायची. दोघांत मीटर एकच. उन्हाळ्यात बिल दुप्पट झालं आणि दोघं रोज फाटकात भांडू लागले. अण्णा तिच्या फ्रिजला दोष देत, ती त्यांच्या पाण्याच्या मोटारीला.

शेवटी वायरमन बोलावला. त्याने दोघांना मीटरमागून निघालेली चोरटी वायर दाखवली. ती भिंतीवरून शेजारी, अण्णांच्या धाकट्या भावाकडे गेली होती. वाटणीपासून भावाभावांत बोलणं नव्हतं.

"तोडू का?" वायरमन म्हणाला.

अण्णांनी हात आडवा केला. "नको. त्याची बायको ऑक्सिजनच्या मशीनवर आहे."

"मग बिलाचं काय?" शबानाने विचारलं.

"यापुढे सगळं मी भरतो. तू फक्त भांडण चालू ठेव. आपण गप्प झालो तर त्याला संशय येईल. तो वीज चोरेल, पण माझे उपकार घेणार नाही."

पुढचं बिल आलं तशी शबाना फाटकात उभी राहिली आणि शेजारी ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अण्णा, यातला एक पैसाही मी देणार नाही."

अण्णा चपला घालून भांडायला बाहेर आले.